आधी सायकल, मग नांगर

किर्लोस्कर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पंप येतो. गावाकडच्या विहिरीवर, कुणाच्या तरी शेतात, नाहीतर कॉलेजच्या हायड्रॉलिक्स लॅबमध्ये. पण या घराण्याचा धंदा पंपापासून सुरू झालाच नाही, तो सायकलपासून सुरू झाला. हे मी रूमवर सांगितलं तेव्हा चौघांपैकी तिघांना पटलं नाही आणि चौथा झोपला होता. मासिकासाठी एखाद्या थोर इंजिनिअरवर लिहा असं सरांनी सांगितलं होतं. विश्वेश्वरय्या दरवर्षी असतातच, म्हणून यंदा मी लक्ष्मणराव किर्लोस्करांना निवडलं. त्यातही त्यांच्या सायकलच्या दिवसांबद्दल जरा जास्त लिहिणार आहे, कारण बहुतेक ठिकाणी तो भाग दोन ओळींत उरकलेला असतो.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. शाळेच्या पुस्तकात त्यांचं मन रमत नसे. आवड दोनच गोष्टींची : चित्रं काढणं आणि यंत्रांशी खेळणं. त्या काळच्या मध्यमवर्गीय घरात या दोन्ही गोष्टी म्हणजे वाया जाण्याची लक्षणं! वडिलांचा विरोध होता, पण थोरले भाऊ रामूअण्णा पाठीशी उभे राहिले आणि १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. दोन वर्षांनी लक्षात आलं की त्यांना काही रंग नीट ओळखताच येत नाहीत. चित्रकार व्हायला निघालेल्या मुलाला हे कळणं म्हणजे काय असेल याचा विचार करा. मेडिकलमध्ये अनफिट झालेला कुणी आपल्या ओळखीत असतोच, त्याला विचारा.

लक्ष्मणरावांनी रंग सोडले, पण रेषा सोडल्या नाहीत. मेकॅनिकल ड्रॉइंगला रंगांचं काम नव्हतं. १८८७ साली मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झालं होतं, तेव्हा ते भायखळ्याला होतं. आपण ज्याला व्हीजेटीआय म्हणतो तेच. तिथे त्यांना ड्रॉइंग शिकवण्याची नोकरी मिळाली, पगार महिना ४५ रुपये. शिकवता शिकवता ते स्वतः वर्कशॉपमध्ये यंत्रं शिकत राहिले. गंमत बघा, आपण ज्या विषयाची शीट काचेवर ठेवून खालून बल्ब लावून ट्रेस करतो, त्याच विषयाने या माणसाला उभं केलं.

आता सायकल. १८८५ साली इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी रोव्हर सायकल आणली. दोन्ही चाकं जवळपास सारखी आणि मागच्या चाकाला साखळी. त्याआधीची सायकल म्हणजे पुढे माणसाच्या छातीइतकं चाक आणि मागे चिमुकलं, पडला की तोंडावरच. १८८८ साली डनलॉप यांनी हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. थोडक्यात, आज अक्कलकोट रोडवर पहिल्या पाळीला निघालेल्या कामगाराच्या हातात जी सायकल असते तिचा सांगाडा त्याच तीन-चार वर्षांत ठरला. आणि त्याच १८८८ साली किर्लोस्कर बंधूंनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं! जग ज्या यंत्राच्या मागे वेडं झालं होतं ते यंत्र बेळगावला पोचायला उशीर झाला नाही, याचं मला सगळ्यात जास्त आश्चर्य वाटतं.

व्यवस्था अशी होती. लक्ष्मणराव मुंबईत नोकरी करायचे आणि सायकली घेऊन बेळगावला पाठवायचे, रामूअण्णा तिथे दुकान बघायचे. एका सायकलची किंमत ७०० ते १००० रुपये सांगितली जाते. पंचेचाळीस रुपये पगाराने भागून बघा, सोळा ते बावीस महिन्यांचा पगार! म्हणजे गिऱ्हाईक कोण, तर साहेब लोक, इनामदार, वकील. सायकल ही तेव्हा कामावर जायची वस्तू नव्हती, तो हौसेचा खेळ होता. मग एवढे पैसे मोजून घेतलेल्या यंत्रावर बसायचं कसं? दोघा भावांनी त्याचीही सोय केली. सायकल शिकवण्याची फी १५ रुपये. इन्स्टिट्यूटमधल्या मास्तराच्या पगाराचा एक तृतीयांश हिस्सा, तोही नुसतं पडू न देण्याबद्दल!

हे वाचताना हसू येतं, पण यात धंद्याची अक्कल आहे. नवीन यंत्र विकायचं तर आधी माणसाची भीती घालवावी लागते. सायकल उभी असताना पडते आणि चालती ठेवली की सावरते, ही गोष्ट कुणाला सांगून पटत नाही, बसवूनच पटवावी लागते. दुसरं म्हणजे दुरुस्ती. बेळगावात बिघडलेल्या सायकलचा भाग कुठून आणणार? जो आणेल नाहीतर बनवेल त्याचंच दुकान चालणार. बॉल बेअरिंग, साखळी, दातेरी चाक, ताणलेल्या तारांवर उभं राहिलेलं चाक, पोकळ नळ्यांची फ्रेम, हे सगळं त्या एका वस्तूत होतं. आपण मशीन डिझाइनमध्ये जे चार चॅप्टर रट्टा मारून पास होतो ते त्यांच्या दुकानात रोज उघडून टेबलावर पडत असणार.

हे फक्त बेळगावात घडलं असं नाही. अमेरिकेत डेटन गावी राइट बंधूंनी सायकलचं दुकान काढलं ते १८९२ साली, म्हणजे आपल्या किर्लोस्करांनंतर चार वर्षांनी. त्यांचं १९०३ चं विमान उडालं तेव्हा त्याचे पंखे साखळीनेच फिरत होते. इंग्लंडचे विल्यम मॉरिस हे तर सायकलच्या शर्यती मारणारे पोरगे, ऑक्सफर्डला सायकल दुरुस्त करता करता मोटारींचे कारखानदार झाले. जर्मनीत ओपेल घराण्याचे पाचही भाऊ सायकलच्या शर्यतीत उतरायचे. कुणी खेळातून आला, कुणी दुरुस्तीतून, पण त्या वीस वर्षांत सायकल ही जगभर इंजिनिअर घडवणारी शाळा होती. तिची एक शाखा बेळगावला होती एवढंच आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं.

मला हे नीट समजलं ते सुट्टीतल्या ट्रेनिंगमध्ये. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात मेंटेनन्स खात्यात होतो. पहिला आठवडा रॉकेलमध्ये बेअरिंगं धुण्यात गेला. माझा चेहरा बघून तिथल्या मामांनी एक साखळी हातात दिली आणि तिची कुठली कडी खेचली गेलीय ते डोळे मिटून बोटांनी शोधायला लावलं. मला जमलं नाही, त्यांना दोन मिनिटं लागली. मामा दहावी नापास. पुस्तकातलं यंत्र आणि हातातलं यंत्र यातलं अंतर तेव्हा कळलं, आणि लक्ष्मणरावांची सायकलची वर्षं ही नुसती गमतीची गोष्ट नाही हेही कळलं.

पुढे इन्स्टिट्यूटमध्ये बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला देण्यात आली. त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं. भाषणांमध्ये हा प्रसंग फार रंगवून सांगतात, नोकरीला लाथ मारली वगैरे. मला ते तितकंसं पटत नाही. दुकान काढल्यावरही त्यांनी काही वर्षं नोकरी ठेवली होती. महिन्याचा पगार चालू होता, दुकान भाऊ बघत होता, आणि धंदा थोडा पायावर उभा राहिल्यावर त्यांनी उडी मारली. स्वाभिमान होताच, पण खाली जाळंही विणलेलं होतं आणि ते रामूअण्णांनी धरलेलं होतं. अशा गोष्टींत थोरल्या भावाच्या वाट्याला एकच ओळ येते. आमच्या होस्टेलवर निम्म्या पोरांची फी कुणीतरी थोरला भाऊच भरतो, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

बेळगावात सायकलींबरोबर पवनचक्क्या विकून झाल्या, मग विकण्यापेक्षा बनवावं असं ठरलं. पहिली वस्तू निघाली कडबा कापायचं यंत्र. आपण सोलापूरकरांना याचं महत्त्व सांगायला नको. ज्वारीच्या मुलखात अख्खी कडब्याची पेंढी जनावरापुढे टाकली तर ते पानं खातं आणि धाटं तुडवतं. तोच कडबा बारीक केला की वाया जात नाही, आणि दुष्काळी वर्षी त्यावरच जनावर तगतं. गरज ओळखून यंत्र काढलं ते असं.

त्यानंतर लोखंडी नांगर, आणि इथे मात्र गाडी अडली. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिला नांगर विकायला दोन वर्षं गेली असं सांगतात. दोन वर्षं! आपल्याला दोन कंपन्यांनी नाकारलं की जेवण जात नाही. पण शेतकऱ्यांना अडाणी म्हणून मोकळं होणंही बरोबर नाही. सायकल बिघडली तर वकिलाची हौस बुडते, नांगर फसला तर शेतकऱ्याचं वर्ष बुडतं. हौसेच्या गिऱ्हाइकाला पंधरा रुपये घेऊन शिकवता येतं, पोटाच्या गिऱ्हाइकाला शेतात चालवूनच दाखवावं लागतं. नांगर खोल जातो, तण उपटतो हे डोळ्यांनी दिसल्यावर मागणी हळूहळू आली.

जरा बस्तान बसतंय तोच बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला सांगितली. अशा वेळी मदतीला आले औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. बाळासाहेब स्वतः उत्तम चित्रकार होते. चित्रकला सुटलेल्या माणसाला चित्रकार राजा भेटावा, हा योग मला फार आवडला. त्यांनी दहा हजार रुपयांचं कर्ज आणि कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जागा दिली. जागा कसली, निवडुंगाचं रान आणि नागांची वस्ती. १९१० च्या मार्च महिन्यात पंचवीस कामगार आणि त्यांची बायकामुलं घेऊन किर्लोस्करवाडी सुरू झाली.

त्या वाडीतली माणसं बघण्यासारखी होती. वसाहतीचा कारभार रामूअण्णांकडे, हिशेब मंगेशराव रेग्यांकडे, मशीनवर शंभूअण्णा जांभेकर. अनंतराव फळणीकर हे शाळा सोडलेले, ते तिथे इंजिनिअर झाले. खरेदी-विक्री सांभाळणारे के. के. कुलकर्णी मॅट्रिक नापास. म्हणजे एटीकेटीवाल्यांनी ही यादी भिंतीवर लावायला हरकत नाही. वाडीत शिवाशिव पाळायची नाही असा नियम होता आणि रात्रीच्या पहाऱ्याला शिक्षा भोगून आलेले कैदी ठेवलेले होते. १९१० च्या महाराष्ट्रात एका कारखानदाराने हे करणं माझ्या मते नांगरापेक्षाही अवघड होतं.

यापुढचं बऱ्याच जणांना माहीत असतं म्हणून भरभर सांगतो. उसाचे चरक, शेंगा फोडायची यंत्रं निघाली. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही लिमिटेड कंपनी झाली आणि त्याच साली वाडीतून मासिकही निघू लागलं, तेच पुढे घराघरात गेलेलं किर्लोस्कर मासिक. १९२६ साली सेंट्रिफ्यूगल पंप तयार झाला. त्याच सुमाराला अमेरिकेतल्या एमआयटीतून शिकून मुलगा शंतनुराव परतले. या शंतनुरावांचा जन्म १९०३ सालचा, आणि जन्मगाव सोलापूर! तेव्हा थोडासा हक्क आपलाही. त्यांच्या हातून हरिहर, पुणे, बंगळूर असा पसारा वाढला. लक्ष्मणराव मधली काही वर्षं औंध संस्थानचे दिवाण होते. २६ सप्टेंबर १९५६ ला ते गेले, आणि १९६९ साली जन्मशताब्दीला पोस्टाने त्यांचं तिकीट काढलं.

कुंडल रोड स्टेशनचं नाव पुढे किर्लोस्करवाडी झालं, पुण्याहून मिरजेला जाताना लागतं. आणि बेळगावात जिथे पंधरा रुपयांत सायकल शिकवत होते त्या रस्त्याला किर्लोस्कर रोड म्हणतात.