कमला निंबकर : भारतात ऑक्युपेशनल थेरपी रुजवणाऱ्या शिक्षिकेची गोष्ट

समजा, भोर तालुक्यातल्या किकवीत पहिलीत शिकणारा एक मुलगा आहे. त्याला पेन्सिल नीट धरता येत नाही. दोन ओळी लिहिल्या की हात दुखतो. फळ्यावरचं वहीत उतरवेपर्यंत तास संपतो. डॉक्टर ऑक्युपेशनल थेरपी सुचवतात. मग आई कामाचा खाडा करून त्याला एसटीने पुण्याला नेते. तिथे थोडा वेळ थेरपी होते, पण त्या दिवसाची शाळा बुडते.

म्हणजे जी अडचण वर्गात येते, तिच्यावरच्या उपायासाठी वर्गच सोडावा लागतो. मग थेरपीच वर्गात का येऊ नये? हा प्रश्न समजून घ्यायचा असेल, तर ही थेरपी आपल्याकडे रुजवणाऱ्या कमला निंबकर यांच्याकडे जावं लागतं. कारण त्या थेरपिस्ट होण्याआधी शिक्षिका होत्या.

एलिझाबेथची कमला कशी झाली?

कमलाबाईंचा जन्म १९०० साली अमेरिकेत झाला. माहेरचं नाव एलिझाबेथ लुंडी. घर क्वेकर पंथाचं. साधी राहणी आणि समाजसेवा यांना महत्त्व देणारा हा ख्रिस्ती पंथ आहे. १९३० साली त्यांनी विष्णू निंबकर यांच्याशी लग्न केलं आणि कमला हे नाव घेतलं. भारत हेच त्यांचं घर झालं.

मुंबईत त्या लहान मुलांच्या शिक्षणाच्या कामात होत्या. हातांनी काही करत शिकलं की मूल लवकर शिकतं, हा विचार तेव्हा जगभरच्या बालशिक्षणात पसरत होता. आपल्याकडे त्याच काळात ताराबाई मोडक बालवाड्यांचं काम उभं करत होत्या.

ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे नेमकं काय?

१९४० च्या दशकात कमलाबाई अमेरिकेत परत गेल्या त्या शिकण्यासाठी. तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. फिलाडेल्फियात त्यांनी ऑक्युपेशनल थेरपीचं प्रशिक्षण घेतलं. मराठीत हिला व्यवसायोपचार म्हणतात. पण इथे व्यवसाय म्हणजे नोकरी-धंदा नव्हे. माणूस दिवसभरात जे जे करतो, ते सगळं त्यात येतं. जेवणं, बटणं लावणं, लिहिणं, खेळणं, कामावर जाणं, सगळंच.

अमेरिकेत पहिल्या महायुद्धाच्या काळात हा पेशा आकाराला आला. जखमी सैनिकांना नुसता व्यायाम देण्याऐवजी विणकाम, सुतारकाम अशी कामं दिली जाऊ लागली. हात चालू लागायचा आणि आपण अजून काहीतरी करू शकतो हा भरवसाही परत यायचा. मुलांच्या बाबतीत तत्त्व तेच राहतं, फक्त काम बदलतं. मुलाचं काम म्हणजे खेळणं आणि शिकणं.

केईएममध्ये काय सुरू झालं?

स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षांत पोलिओमुळे कित्येक मुलांच्या हातापायांतली ताकद जात होती. जीव वाचला, तरी पुढचं आयुष्य कसं काढायचं, हा प्रश्न उरायचा. त्याचं उत्तर देणारी प्रशिक्षित माणसं देशात जवळपास नव्हतीच.

१९५० साली मुंबईत परळच्या केईएम हॉस्पिटलमध्ये कमलाबाईंच्या पुढाकाराने ऑक्युपेशनल थेरपी शिकवणारी शाळा सुरू झाली. आशियातली अशी पहिली शाळा म्हणून ती ओळखली जाते. १९५२ साली ऑल इंडिया ऑक्युपेशनल थेरपिस्ट्स असोसिएशन स्थापन झाली, त्यातही त्या आघाडीवर होत्या. त्याच वर्षी या पेशाची जागतिक संघटना उभी राहिली आणि तिच्या संस्थापक देशांत भारत होता.

पुढे कमलाबाईंनी पुनर्वसन या विषयावरच्या नियतकालिकाचं संपादन केलं. १९७९ साली त्यांचं निधन झालं. भारतातल्या पुनर्वसनाच्या कामाचा इतिहास सांगणारं त्यांचं पुस्तक १९८० साली, म्हणजे त्यांच्या पश्चात आलं.

मग थेरपी हॉस्पिटलमध्येच का राहिली?

सुरुवात तिथे झाली, हे एक कारण. डॉक्टर, रुग्ण आणि साधनं एकाच ठिकाणी होती. विद्यार्थीही तिथेच तयार झाले. त्यामुळे थेरपी म्हणजे शहरातलं हॉस्पिटल किंवा दवाखाना, हे समीकरण पक्कं झालं.

दुसरं कारण शाळांचं. बरीच वर्षं अपंग मुलांसाठी वेगळी शाळा हाच मुख्य मार्ग होता. १९७४ पासून केंद्राच्या योजनेतून या मुलांना साध्या शाळांत सामावून घ्यायला सुरुवात झाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले. त्यात अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नताही आहे. मुलाला त्याच्या गरजेप्रमाणे आधार देणं ही शाळांची जबाबदारी आहे, असंही हा कायदा सांगतो. समग्र शिक्षा योजनेतून विशेष शिक्षक शाळांना भेटी देतात, पण एकाच शिक्षकाकडे अनेक शाळा असतात.

वर्गात थेरपी कशी दिसते?

तिला मोठी यंत्रं लागत नाहीत. पाय लोंबकळत असतील, तर पायांखाली पाट ठेवला की बसणं स्थिर होतं आणि हात मोकळा होतो. पेन्सिल जाड केली की पकड सुधारते. फळ्यावरचं सगळं उतरवण्याऐवजी निम्मं छापील दिलं, तर मूल विचार करायला मोकळं राहतं. सतत चुळबुळ करणाऱ्या मुलाला मधेच वह्या गोळा करायचं काम दिलं, तर अंगाला हालचाल मिळते आणि ओरडाही बसत नाही.

मात्र कोणत्या मुलाला काय लागेल, हे थेरपिस्टने तपासून ठरवायचं असतं. शिक्षकांनी ते रोज करायचं असतं. आठवड्यातून एकदा पुण्यात होणाऱ्या सरावापेक्षा रोज वर्गात होणारा सराव मुलाच्या हातात लवकर मुरतो. म्हणूनच या दोघांचं बोलणं व्हायला हवं. पालकांनी थेरपिस्टकडून वर्गशिक्षकांसाठी दोन-तीन सूचना साध्या मराठीत लिहून घेतल्या, तर सुरुवात उद्याही होऊ शकते.

किकवीहून शिरवळ, लोणंदमार्गे फलटणला गेलं की तिथे कमला निंबकर बालभवन ही शाळा आहे. १९८६ साली मॅक्सिन बर्नसन यांनी ती सुरू केली. कमलाबाईंचे चिरंजीव, शेतीशास्त्रज्ञ बनबिहारी निंबकर यांचं कामही फलटणचंच. थेरपिस्ट म्हणून ओळखल्या गेलेल्या बाईंचं नाव तिथे एका शाळेला दिलेलं आहे. त्यांच्या कामाची सुरुवातही वर्गातूनच झाली होती.