विश्लेषण : सर्पगंधेच्या मुळीची आकड्यांनी परीक्षा घेणारे मुंबईचे डॉ. रुस्तुम वकील

मावळातल्या इंदुरीसारख्या गावातही बीपीची गोळी आता मेडिकलमध्ये सहज मिळते. ८० वर्षांपूर्वी मात्र अमेरिकेच्या अध्यक्षांनाही ती मिळत नव्हती. एप्रिल १९४५ मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले, त्या दिवशी त्यांचा रक्तदाब ३००/१९० होता. डॉक्टरांच्या हाती होतं ते म्हणजे कमी मिठाचा आहार, विश्रांती आणि झोपेची औषधं. त्याच काळात मुंबईत एक पारशी डॉक्टर एका झाडाच्या मुळीवर वर्षानुवर्षे नोंदी ठेवत होते.

कोण होते डॉ. वकील?

रुस्तुम जाल वकील यांचा जन्म १९११ चा, मुंबईचा. वैद्यकीय शिक्षण लंडनला झालं. १९३८ मध्ये ते परतले आणि केईएम रुग्णालयात हृदयरोगाचं काम करू लागले.

सर्पगंधा त्यांनी शोधली, असं अनेकदा लिहिलं जातं. ते खरं नाही. आयुर्वेदात ती पूर्वीपासून होती. १९३१ मध्ये कोलकात्याच्या सेन आणि बोस यांनी ती रक्तदाब उतरवते हे छापलं होतं, आणि त्यानंतर काही वर्षांत ‘सर्पिना’ ही गोळी बाजारातही आली होती. प्रश्न होता तो वेगळाच : गुण येतो म्हणतात, पण किती जणांना आणि किती?

१९४९ मध्ये काय घडलं?

‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये वकिलांचा लेख आला. ५० रुग्ण, ४ आठवडे औषध. ८५ टक्के रुग्णांचा वरचा आणि ८१ टक्के रुग्णांचा खालचा रक्तदाब उतरला. सरासरी घट वरच्यात २१, खालच्यात ११. आजच्या निकषांवर हा प्रयोग अपुरा ठरेल. पण चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे गट पाडण्याची पद्धत तेव्हा नुकतीच रुजत होती. ब्रिटनमधली स्ट्रेप्टोमायसिनची गाजलेली चाचणी त्याच्या आदल्याच वर्षी प्रसिद्ध झाली होती. महत्त्वाचं हे की परदेशातल्या डॉक्टरांना पडताळून पाहता येईल असा आकडा त्यांनी दिला.

आणि तो पडताळला गेला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी मुळीतून रिसर्पिन वेगळं काढलं. १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला, पुढच्या वर्षी पद्मभूषण.

खरी कसोटी १९६७ मध्ये लागली. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत खालचा रक्तदाब ११५ ते १२९ असलेल्या १४३ पुरुषांपैकी काहींना रिसर्पिनसह तीन औषधं, तर काहींना नुसत्या बिनऔषधी गोळ्या दिल्या गेल्या. गंभीर त्रास किंवा मृत्यू : बिनऔषधी गटात ७० पैकी २७, औषधवाल्यांत ७३ पैकी २. रक्तदाब उतरवला की जीव वाचतो, हे इतक्या ठसठशीतपणे आधी दिसलं नव्हतं.

मग रिसर्पिन मागे का पडलं?

मज्जातंतूंच्या टोकाशी साठलेलं नॉरॲड्रेनॅलिन ते रिकामं करतं. त्यामुळे रक्तवाहिन्या सैलावतात आणि नाडी मंदावते. मेंदूतही तेच घडतं. जास्त मात्रेवर नैराश्याच्या तक्रारी आल्या. नाक चोंदणं, सुस्ती हेही होतंच. पुढे कमी मात्रा बरीच सुसह्य ठरली, तोवर बीटा-ब्लॉकर आणि इतर गोळ्यांनी जागा घेतली होती. (माझ्या मते त्याची बदनामी जरा जास्तच झाली.) बीटा-ब्लॉकर तर मुळात अँजायनासाठी, म्हणजे हृदयाला रक्त अपुरं पडून छातीत येणाऱ्या कळेसाठी, जेम्स ब्लॅक यांनी घडवले होते.

अँजायनाकडे वकीलही वळले होते. कळ अचानक वाढू लागलेल्या, झटक्याच्या उंबरठ्यावरच्या रुग्णांत रक्त पातळ करणारी औषधं घेतलेले आणि न घेतलेले यांची तुलना त्यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केली. पद्धत तीच : रुग्ण मोजायचे, पुढे त्यांचं काय झालं ते पाहायचं. १९७४ मध्ये, वयाच्या ६३ व्या वर्षी ते गेले.

सर्पगंधेचं चूर्ण आज घ्यावं का?

मुळीतलं रिसर्पिनचं प्रमाण झाडागणिक बदलतं, त्यामुळे चमचाभर चूर्णात औषध किती गेलं हे कळत नाही. सुरू असलेल्या बीपीच्या गोळीवर ते घेतलं, तर रक्तदाब आणि नाडी दोन्ही गरजेपेक्षा खाली जाऊ शकतात. घरात कुणी घेत असेल, तर पुढच्या तपासणीला डॉक्टरांना ती पुडी दाखवा.