रक्तातला फॉस्फरस मोजायला शिकवणारा शास्त्रज्ञ बोस्टनमध्ये रात्रपाळीचा वॉर्डबॉय होता

गारखेड्यात सूतगिरणी चौकाजवळच्या एखाद्या लॅबमध्ये आठ वर्षांच्या पोराचं रक्त दिलं. संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर रिपोर्ट आला, फॉस्फरस ५.२ आणि पुढे ठळक अक्षरात हाय. घरात घाबरगुंडी. पण बऱ्याचदा शेजारी छापलेली मर्यादा मोठ्या माणसांची असते, एवढंच.

हा आकडा थोड्याशा रक्तातून काढायची पद्धत ज्यांनी जगाला दिली, त्यातलं एक नाव आहे यल्लाप्रगड सुब्बाराव.

जन्म १८९५, आंध्रातलं भीमावरम. मॅट्रिकला दोनदा नापास, तिसऱ्यांदा पास. मद्रास मेडिकल कॉलेजात गांधीजींच्या प्रभावाखाली खादी घालायला लागले, तर सर्जरीचे इंग्रज प्राध्यापक बिनसले. एमबीबीएसऐवजी एलएमएसवर समाधान मानावं लागलं. त्यातच दोन भाऊ पाठोपाठ गेले. स्प्रू नावाच्या आतड्याच्या आजाराचा हा घाव त्यांच्या मनातून कधी गेला नाही.

पत्नी शेषगिरी यांना मागे ठेवून ते बोस्टनला गेले ते परत आलेच नाहीत. पोटासाठी हॉस्पिटलात रात्री रुग्णांची भांडी साफ करायची आणि दिवसा हार्वर्डची प्रयोगशाळा.

तिथे सायरस फिस्क यांच्यासोबत १९२५ मध्ये त्यांनी ती पद्धत छापली. रक्तातलं प्रोटीन काढून टाकायचं, मॉलिब्डेट घालायचं, मग एक रसायन घातलं की द्रव निळा होतो. निळा जितका गडद, तितका फॉस्फरस जास्त. मॉलिब्डेट आधीही वापरायचे, पण यांच्या पद्धतीत रंग लवकर यायचा आणि टिकायचा. जगभरच्या लॅबनी ती उचलली.

मोजणं सोपं झालं की निरोगी माणसांचे आकडेही एकसारखे नसतात हे दिसतं. मोठ्यांमध्ये साधारण २.५ ते ४.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. वाढत्या मुलांची हाडं बनत असतात, किडनी फॉस्फेट धरून ठेवते, म्हणून त्यांचा आकडा वरच असतो. दुपारच्या आधी तो कमी असतो, रात्री चढतो. भरपेट भात खाल्ला की इन्सुलिन फॉस्फेट पेशींत ढकलतं आणि तो उतरतो. शिवाय ही मर्यादा ठरवतानाच साधारण ९५ टक्के निरोगी लोक आत धरतात, म्हणजे वीसातला एक धडधाकट माणूस बाहेर राहणारच. किडनीचा त्रास असेल तर मात्र हाच आकडा डॉक्टरांना दाखवायलाच हवा.

फॉस्फरस मोजता मोजताच फिस्क आणि सुब्बाराव यांना स्नायूंतलं फॉस्फोक्रिएटिन सापडलं, पुढे एटीपी. तरी हार्वर्डने कायमची जागा दिली नाही. १९४० मध्ये ते लेडरले कंपनीत गेले.

लुसी विल्स यांनी मुंबईत गरोदर गिरणी कामगार बायकांचा अॅनिमिया अभ्यासला होता. तो यीस्टच्या अर्काने बरा व्हायचा, पण त्यात नेमकं काय आहे ते कळत नव्हतं. ते फॉलिक अॅसिड १९४५ मध्ये सुब्बारावांच्या टीमने प्रयोगशाळेत बनवलं. स्प्रूवरही ते लागू पडलं, भावांना जाऊन पंचवीसेक वर्षं झाल्यावर.

ऑगस्ट १९४८ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी, सुब्बाराव न्यूयॉर्कमध्ये झोपेतच गेले. सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला मिळणाऱ्या लाल गोळीत लोहासोबत आजही फॉलिक अॅसिडच असतं.