विल्यम मरे, मॅन्सफिल्डचे पहिले अर्ल

विल्यम मरे, मॅन्सफिल्डचे पहिले अर्ल (२ मार्च, १७०५: स्कोन, स्कॉटलंड - २० मार्च, १७९३: केनवुड, इंग्लंड) हे अठराव्या शतकातील ब्रिटिश न्यायाधीश व राजकारणी होते. लॉर्ड मॅन्सफिल्ड या नावाने ते अधिक परिचित आहेत. १७५६ ते १७८८ या काळात ते इंग्लंडच्या किंग्ज बेंच न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. व्यापाऱ्यांच्या रूढींना इंग्लंडच्या सामान्य कायद्यात स्थान देणे आणि करार, विमा व हुंड्या यांविषयीच्या नियमांची तर्कशुद्ध मांडणी करणे हे त्यांचे प्रमुख कार्य मानले जाते. गुलामगिरीसंबंधीच्या सॉमरसेट खटल्यातील निकालामुळेही ते प्रसिद्ध आहेत.

प्रारंभिक जीवन

मरे यांचा जन्म स्कॉटलंडमधील पर्थजवळच्या स्कोन येथे एका सरदार घराण्यात झाला. त्यांचे वडील डेव्हिड मरे हे स्टॉर्मंटचे पाचवे व्हायकाउंट होते. घराण्याला प्रतिष्ठा होती, परंतु संपत्ती फारशी नव्हती. शिवाय पदच्युत स्ट्युअर्ट राजवंशाविषयी या घराण्यात सहानुभूती होती व विल्यम यांचे एक बंधू त्या राजवंशाच्या सेवेत परदेशी गेले होते. या पार्श्वभूमीमुळे विल्यम यांच्या राजनिष्ठेविषयी विरोधक पुढे अनेकदा शंका घेत राहिले.

पर्थ येथील शिक्षणानंतर १७१८ मध्ये ते लंडनच्या वेस्टमिन्स्टर शाळेत दाखल झाले. पुढे ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च महाविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले. १७३० मध्ये लिंकन्स इनमधून त्यांना वकिलीची सनद मिळाली. रोमन कायदा व युरोपातील व्यापारी कायदा यांचा त्यांनी केलेला अभ्यास पुढे न्यायासनावर त्यांच्या उपयोगी पडला. १७३८ मध्ये त्यांचा विवाह लेडी एलिझाबेथ फिंच यांच्याशी झाला. या दांपत्याला अपत्य नव्हते.

वकिली व राजकारण

१७४२ मध्ये मरे यांची सॉलिसिटर जनरल म्हणून नेमणूक झाली आणि त्याच वर्षी ते संसदेवर निवडून आले. १७४५ च्या स्ट्युअर्टवादी उठावानंतर लॉर्ड लोव्हॅट यांच्यावर चाललेल्या खटल्यात त्यांनी सरकारच्या बाजूने काम पाहिले. १७५४ मध्ये ते अ‍ॅटर्नी जनरल झाले. ८ नोव्हेंबर, १७५६ रोजी त्यांनी मुख्य न्यायाधीशपदाची सूत्रे हाती घेतली व त्याच वेळी त्यांना बॅरन मॅन्सफिल्ड हा किताब मिळाला. १७७६ मध्ये ते अर्ल झाले.

मुख्य न्यायाधीश

मॅन्सफिल्ड न्यायासनावर आले तेव्हा लंडन हे जागतिक व्यापाराचे मोठे केंद्र बनले होते. सागरी विमा, हुंड्या व दूरदेशीच्या पेढ्यांशी होणारे व्यवहार वाढत होते. सामान्य कायद्याची चौकट मात्र बव्हंशी जमीनजुमल्याच्या वादांतून घडलेली होती. व्यापारातील रूढी ही वस्तुस्थितीची बाब समजली जाई व ती प्रत्येक खटल्यात पुराव्याने नव्याने सिद्ध करावी लागे. एका खटल्यातील निर्णय पुढच्या खटल्यात उपयोगी पडेलच याची खात्री व्यापाऱ्यांना नसे.

यावर उपाय म्हणून मॅन्सफिल्ड यांनी लंडनच्या गिल्डहॉलमध्ये अनुभवी व्यापाऱ्यांच्या विशेष ज्युरीचा नियमितपणे वापर केला. बाजारात एखादा व्यवहार प्रत्यक्षात कसा होतो हे ते ज्युरीकडून जाणून घेत आणि त्यावरून पुढील खटल्यांना लागू पडेल असा नियम निकालपत्रात मांडत. अशा रीतीने व्यापाऱ्यांची रूढी न्यायालयाने स्वतःहून दखल घ्यावी असा कायदा बनली. व्यापारात नियम निश्चित असणे हे तो नियम कोणता आहे यापेक्षाही महत्त्वाचे असते, अशी त्यांची भूमिका होती.

करारविषयक कायद्यातील कार्य

कराराची निर्मिती: प्रतिफलाचा प्रश्न

इंग्लंडच्या तत्कालीन कायद्यात मोहोरबंद दस्त नसेल तर केवळ वचन बंधनकारक ठरत नसे. वचनाच्या मोबदल्यात काही दिले वा केले गेले असावे लागते. या मोबदल्याला प्रतिफल म्हणतात. पिलन्स विरुद्ध व्हॅन मिएरोप (१७६५) या खटल्यात रॉटरडॅमच्या एका पेढीने व्हाइट नावाच्या व्यापाऱ्याला पैसे उपलब्ध करून दिले होते. त्यानंतर तिने लंडनच्या पेढीकडे विचारणा केली व त्या रकमेपोटी काढलेल्या हुंड्या स्वीकारण्याचे लेखी आश्वासन लंडनच्या पेढीने दिले. दरम्यान व्हाइटचे दिवाळे निघाले आणि लंडनच्या पेढीने शब्द फिरवला. आश्वासनापूर्वीच पैसे दिलेले असल्याने त्याला प्रतिफल नाही, असा तिचा बचाव होता.

मॅन्सफिल्ड यांनी हा बचाव फेटाळला. पक्षकारांचा बांधून घेण्याचा हेतू होता की नाही याचा पुरावा म्हणून प्रतिफल आवश्यक असते. व्यापाऱ्यांनी लेखी वचन दिले असेल तर तो पुरावा त्या लेखातच मिळतो, असे त्यांचे मत होते. हा विचार टिकला असता तर इंग्लंडचा करारविषयक कायदा फार वेगळ्या दिशेने गेला असता. परंतु रॅन विरुद्ध ह्यूज (१७७८) या प्रकरणात हाऊस ऑफ लॉर्ड्सने मोहोर नसलेल्या लेखी करारालाही प्रतिफल लागतेच, असे ठरवले. त्यानंतर हॉक्स विरुद्ध सॉन्डर्स (१७८२) मध्ये नैतिक कर्तव्य हेही पुरेसे प्रतिफल होऊ शकते, असे मॅन्सफिल्ड यांनी मांडले. हे मतही १८४० मध्ये ईस्टवुड विरुद्ध केन्यन या खटल्यात अमान्य झाले.

कराराची अंमलबजावणी: परस्परावलंबी वचने

करारातील दोन्ही बाजूंची वचने स्वतंत्र मानण्याकडे जुन्या न्यायालयांचा कल होता. त्यामुळे स्वतःचे वचन न पाळणारा पक्षही दुसऱ्यावर दावा लावू शके. किंग्स्टन विरुद्ध प्रेस्टन (१७७३) मध्ये एका रेशमाच्या व्यापाऱ्याने आपल्याकडे सव्वा वर्ष नोकरी करणाऱ्यास, आपल्या पुतण्याबरोबर भागीदारीत, धंदा सोपवण्याचे कबूल केले होते. त्या बदल्यात नोकराने पैसे हप्त्यांनी फेडण्यासाठी पुरेसे तारण द्यायचे होते. तारण न देताच नोकराने धंद्याचा ताबा मागितला. तारण देणे ही आधी पूर्ण करावयाची अट आहे, असे ठरवून मॅन्सफिल्ड यांनी दावा फेटाळला. वचने स्वतंत्र आहेत की परस्परावलंबी, हे शब्दांच्या क्रमावरून नव्हे तर व्यवहाराचा हेतू पाहून ठरवावे, हे तत्त्व यातून रूढ झाले.

कराराला आव्हान: सद्भाव व बेकायदेशीर हेतू

कार्टर विरुद्ध बोहम (१७६६) हा विमा कायद्यातील पायाभूत खटला आहे. सुमात्रा बेटावरील फोर्ट मार्लबरोचे गव्हर्नर कार्टर यांनी किल्ला परकीय शत्रूच्या हाती पडण्याच्या जोखमीचा विमा लंडनमध्ये उतरवला होता. १७६० मध्ये फ्रेंचांनी किल्ला घेतला. किल्ल्याची दुर्बलता लपवून ठेवल्याचे सांगत विमाकर्त्याने पैसे नाकारले. विमा उतरवणाऱ्याला ठाऊक असलेली महत्त्वाची माहिती विमाकर्त्याला नसते, म्हणून ती दडवल्यास करार रद्द होतो, असे मॅन्सफिल्ड यांनी सांगितले. मात्र हे बंधन दोन्ही पक्षांवर आहे. जी परिस्थिती विमाकर्त्याला माहीत होती किंवा त्याने स्वतः जाणून घ्यायला हवी होती, तिचे निमित्त करून त्याला नुकसानीनंतर अंग काढून घेता येणार नाही. त्यामुळे निकाल कार्टर यांच्या बाजूने कायम राहिला.

होल्मन विरुद्ध जॉन्सन (१७७५) मध्ये डंकर्क येथील व्यापाऱ्याने चहा विकला होता. खरेदीदार तो चोरट्या मार्गाने इंग्लंडमध्ये नेणार हे विक्रेत्याला माहीत होते. बेकायदेशीर कृत्यावर आधारलेल्या दाव्याला न्यायालय साहाय्य करणार नाही, हे तत्त्व मॅन्सफिल्ड यांनी या वेळी स्पष्ट केले. प्रतिवादीवर कृपा म्हणून नव्हे, तर सार्वजनिक धोरण म्हणून न्यायालय अशा दाव्यापासून दूर राहते. प्रस्तुत विक्री मात्र डंकर्क येथेच पूर्ण झाली होती व विक्रेत्याचा तस्करीत हात नव्हता. म्हणून त्याला किंमत मिळाली.

करार नसताना परतफेड

मोझेस विरुद्ध मॅकफर्लन (१७६०) मध्ये मोझेस यांनी प्रत्येकी ३० शिलिंगांच्या चार वचनचिठ्ठ्या मॅकफर्लन यांच्या नावे केल्या. त्यांपोटी मोझेस यांना जबाबदार धरणार नाही, असे मॅकफर्लन यांनी लिहून दिले होते. तरीही त्यांनी कनिष्ठ न्यायालयात दावा करून ६ पौंड वसूल केले, कारण त्या न्यायालयाने हा लेख विचारात घेतला नाही. मॅन्सफिल्ड यांनी ही रक्कम परत करण्यास सांगितले. दुसऱ्याचा पैसा स्वतःजवळ ठेवणे न्यायबुद्धीला धरून नसेल, तर करार नसतानाही तो परत करण्याचे बंधन कायदा निर्माण करतो, ही मांडणी पुढे करारसदृश दायित्वांच्या संकल्पनेचा आधार बनली.

गुलामगिरी व कायदा

जेम्स सॉमरसेट या गुलामाला त्याच्या मालकाने अमेरिकेतून इंग्लंडमध्ये आणले होते. तो पळाला, पकडला गेला व जमैकाला विकण्यासाठी त्याला जहाजावर डांबण्यात आले. गुलामाच्या विक्रीचा करार आणि इंग्लंडच्या भूमीवर माणसाच्या देहावर चालणारी सत्ता हे दोन प्रश्न मॅन्सफिल्ड यांनी वेगळे मानले. गुलामगिरी केवळ स्पष्ट कायद्यानेच अस्तित्वात येऊ शकते व इंग्लंडमध्ये तसा कायदा नाही, या कारणावरून २२ जून, १७७२ रोजी त्यांनी सॉमरसेटची मुक्तता केली. निकालाचा आवाका मर्यादित होता. मालकाला गुलामास बळजबरीने देशाबाहेर नेता येणार नाही, एवढेच त्यातून ठरले, असे मॅन्सफिल्ड स्वतः पुढे म्हणत. लोकांनी मात्र त्याचा अर्थ इंग्लंडमधील गुलामगिरीचा अंत असा घेतला.

ग्रेगसन विरुद्ध गिल्बर्ट (१७८३) या खटल्यात कराराच्या कायद्याची दुसरी बाजू दिसली. झाँग या जहाजावरील खलाशांनी १७८१ च्या अखेरीस पाणी अपुरे असल्याचे कारण देऊन १३० हून अधिक आफ्रिकी स्त्री-पुरुष व मुलांना समुद्रात फेकले. जहाजमालकांनी प्रत्येकी ३० पौंडांप्रमाणे विम्याची भरपाई मागितली आणि ज्युरीने ती मान्य केली. मॅन्सफिल्ड व सहन्यायाधीशांनी फेरसुनावणीचा आदेश दिला, कारण दरम्यान पाऊस पडून पाणी मिळालेले असल्याने अपरिहार्यता सिद्ध होत नव्हती. तथापि संपूर्ण वाद मालाच्या नुकसानीचा समजूनच चालला. ग्रॅनव्हिल शार्प यांनी प्रयत्न करूनही कोणावर खुनाचा खटला भरला गेला नाही. या प्रकरणाने गुलामांच्या व्यापाराविरुद्धच्या चळवळीला बळ मिळाले.

मॅन्सफिल्ड यांच्या केनवुड येथील घरी त्यांचे भाचे सर जॉन लिंडसे व मारिया बेल या गुलाम स्त्रीची मुलगी डायडो एलिझाबेथ बेल लहानाची मोठी झाली. मॅन्सफिल्ड यांनी आपल्या मृत्युपत्रात तिच्या स्वातंत्र्याला दुजोरा दिला व तिच्यासाठी तरतूद केली.

टीका व दंगली

राजद्रोही लेखनाच्या खटल्यांत ज्युरीने फक्त प्रकाशन झाले की नाही एवढेच पाहावे व लेखन गुन्हा ठरते की नाही हे न्यायाधीशाने ठरवावे, या त्यांच्या भूमिकेवर कडाडून टीका झाली. १७९२ च्या कायद्याने हा अधिकार ज्युरीला देण्यात आला. कॅथलिकांविषयीच्या त्यांच्या सहिष्णू धोरणामुळे जून १७८० मधील गॉर्डन दंगलींत जमावाने ब्लूम्सबरी स्क्वेअरमधील त्यांचे घर व ग्रंथसंग्रह जाळला. पुढील वर्षी लॉर्ड जॉर्ज गॉर्डन यांच्यावरील देशद्रोहाच्या खटल्याचे कामकाज मॅन्सफिल्ड यांच्याच अध्यक्षतेखाली चालले व त्यात गॉर्डन निर्दोष सुटले.

निवृत्ती व मृत्यू

प्रकृती खालावल्यामुळे जून १७८८ मध्ये मॅन्सफिल्ड यांनी पदाचा राजीनामा दिला. २० मार्च, १७९३ रोजी वयाच्या ८८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये त्यांचे दफन करण्यात आले. तेथील त्यांचे स्मारक शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांनी घडवले आहे.

भारतीय कायद्याशी संबंध

इंग्लंडच्या कायद्यातील करारविषयक तत्त्वे १८७२ च्या भारतीय करार अधिनियमात आवश्यक त्या बदलांसह संहिताबद्ध झाली. या अधिनियमातील कलम २३ बेकायदेशीर हेतू व प्रतिफलाशी, कलमे ५१ ते ५४ परस्पर वचनांच्या पूर्ततेशी आणि कलमे ६८ ते ७२ करारसदृश संबंधांशी निगडित आहेत. मॅन्सफिल्ड यांनी हाताळलेले अनेक प्रश्न या तरतुदींतही आढळतात. भूतकालीन प्रतिफल इंग्लंडमध्ये सर्वसाधारणपणे अमान्य असले, तरी वचनदात्याच्या इच्छेवरून आधी केलेले कृत्य भारतीय अधिनियमाच्या कलम २ नुसार प्रतिफल ठरू शकते. विम्यातील परमसद्भावाचे तत्त्व भारताच्या १९६३ च्या सागरी विमा अधिनियमात समाविष्ट आहे.