न गंजणाऱ्या पोलादाचा जनक

जुने स्टेनलेस स्टीलचे रिव्हॉल्व्हर विकत घेताना अमेरिकेतील जाणकार प्रथम त्याची चकाकी न्याहाळतो. ती कारखान्यातील आहे की आधीच्या मालकाने घासून आणलेली, हा त्याच्यापुढील पहिला प्रश्न असतो. हा प्रश्न ज्या धातूमुळे उभा राहिला, त्याचे श्रेय प्रामुख्याने हॅरी ब्रिअर्ली यांना दिले जाते.

१८ फेब्रुवारी १८७१ रोजी इंग्लंडमधील शेफिल्ड येथे ब्रिअर्ली यांचा जन्म झाला. वडील पोलाद वितळविणारे कामगार होते. घरी कायमचे दारिद्र्य. बाराव्या वर्षी शाळा सुटली आणि थॉमस फर्थ कंपनीच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुण्याचे काम त्यांच्या वाट्याला आले. रात्री अभ्यास करून ते रसायनतज्ज्ञ झाले आणि पुढे त्याच शहरातील ब्राऊन-फर्थ संशोधन प्रयोगशाळेचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले.

१९१२ मध्ये शस्त्रनिर्मात्यांची एक अडचण त्यांच्याकडे आली. दारूच्या तप्त वायूंनी बंदुकीच्या नळ्या आतून झिजत. त्यावर उपाय शोधताना १३ ऑगस्ट १९१३ रोजी त्यांनी सुमारे १२.८ टक्के क्रोमियम असलेले पोलाद ओतले. सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्यासाठी त्यावर आम्ल लावले, तर ते दाद देईना. व्हिनेगर आणि लिंबाचा रसही त्यापुढे निष्प्रभ ठरला. नळ्यांचा प्रश्न बाजूला राहिला आणि ब्रिअर्ली यांना त्यात जेवणाच्या टेबलावरची सुरी दिसली.

वरिष्ठांना मात्र ती दिसली नाही. सुऱ्या घडविणाऱ्यांनीही प्रथम नाके मुरडली. अखेर मोस्ली कंपनीचे अर्नेस्ट स्टुअर्ट यांनी त्या पोलादाच्या सुऱ्या यशस्वी करून दाखविल्या. ‘स्टेनलेस’ हे नावही त्यांचेच. शोधाच्या हक्कावरून झालेल्या वादात १९१५ मध्ये ब्रिअर्ली यांनी कंपनी सोडली. १४ जुलै १९४८ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर १७ वर्षांनी, १९६५ मध्ये, स्मिथ अँड वेसनने ‘मॉडेल ६०’ हे पाच गोळ्यांचे स्टेनलेस रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. बंदुकीसाठी आरंभलेला शोध असा पुन्हा बंदुकीकडे आला. आरंभीच्या नगांना आरशासारखी चकाकी होती. लवकरच तिची जागा मंद, रेषाळ झिलईने घेतली. काही रिव्हॉल्व्हरांवर सूक्ष्म काचमण्यांच्या माऱ्याने आणलेला धुरकट पोतही आढळतो.

साध्या पोलादावरील निळसर-काळी झिलई किंवा निकेलचा मुलामा घासल्यास उडून जातो आणि लबाडी उघडी पडते. स्टेनलेसवर असा वेगळा थर नसतो. त्यामुळे मंद झिलईचे शस्त्र कोणीही घासून आरशासारखे करू शकतो आणि दुर्मिळ जुना नग म्हणून चढ्या भावाने विकू शकतो. म्हणून जाणकार चकाकीवर विसंबत नाही. कोरलेली अक्षरे उथळ झाली आहेत काय, कडा गोलावल्या आहेत काय, स्क्रूच्या छिद्रांभोवती खोलगटपणा आहे काय, हे तो पाहतो आणि अनुक्रमांक कारखान्याच्या जुन्या नोंदींशी ताडून घेतो.

ब्रिअर्ली यांनी पोलादावरचा डाग पुसला. पण त्या निष्कलंक पृष्ठभागावर आधीच्या मालकाच्या हाताची खूणही सहजासहजी उरत नाही. ती शोधण्याचे काम शेवटी विकत घेणाऱ्याच्या डोळ्यांनाच करावे लागते.