श्रीमंत नारायणराव बाबासाहेब घोरपडे आणि इचलकरंजीचा माग

ज्या पुरुषाचे अल्प चरित्र आम्ही या स्मरणिकेत सादर करीत आहोत, तो विणकराच्या कुळात जन्मला नव्हता. तथापि पंचगंगेकाठच्या विणकराच्या संसारावर त्याच्याइतका परिणाम फार थोड्यांनी केला असेल. म्हणूनच आपल्या समाजाच्या वाचकांस हे चरित्र परके वाटू नये.

इचलकरंजीच्या जहागिरीचा मूळ पुरुष नारो महादेव जोशी. सेनापती संताजी घोरपडे यांच्या पदरी राहून त्याने धन्याचे आडनाव धारण केले. पुढे याच घराण्यात पहिल्या पेशव्यांची कन्या अनुबाई सून म्हणून आली. अशा घराण्याची गादी नारायणरावांकडे आली व १८९२ साली कारभाराची सूत्रे त्यांनी हाती घेतली. विद्या व कला यांचा त्यांस मोठा जिव्हाळा होता. गायनाचार्य बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर हे त्यांच्याच आश्रयास होते.

त्या काळचे घरगुती विणकाम कसे होते, हे आजच्या मुलांस सांगितले पाहिजे. ताणा करणे, सुतास खळ देणे, कांड्या भरणे ही कामे बायकामुले व म्हातारी माणसे करीत. कर्ता पुरुष मागावर बसे. पायाने वही वरखाली करून सुतात वाट उघडावी, तीतून धोटा फेकावा आणि फणीने ठोका द्यावा. अशा सहस्रावधी ठोक्यांनी एक लुगडे पुरे होई. एका मागावर सारे घर राबे, तेव्हा घर चाले.

परंतु मुंबईत १८५४ साली पहिली कापडगिरणी स्थापन झाली होती आणि विलायती कापड तर त्यापूर्वीच बाजारात आले होते. गिरणीच्या स्वस्त मालापुढे हातमागाचा निभाव लागणे कठीण झाले. अशा वेळी विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसविला. या उद्योगास नारायणरावांनी उत्तेजन दिले. पुढल्याच वर्षी स्वदेशीची चळवळ देशभर पसरली.

यंत्रमागाने हातमाग मारला, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. हाताचे कसब ज्यांचे सर्वस्व होते, अशा कित्येक घरांतील माग उचलले गेले, हे दुःख खरे आहे. परंतु दुसरी बाजूही पाहावी. मोठ्या गिरणीत विणकर केवळ मजूर होतो. इचलकरंजीत दोन-चार माग घेऊन लहान माणसासही धनी होता आले. उद्योग एकाच मोठ्या गिरणीत न कोंडता गल्लोगल्ली पसरला, हे या गावाचे वैशिष्ट्य होय.

नारायणराव १९४३ साली निवर्तले. १९४९ साली संस्थान विलीन झाले, जहागिरी गेली. माग मात्र राहिला.

वाचकांस आमची एकच विनंती आहे. ज्यांच्या घरी जुना धोटा, फणी अथवा वही असेल, त्यांनी ती अडगळ म्हणून टाकू नये. घरातील वृद्धांकडून प्रत्येक वस्तूचे नाव व उपयोग मुलांकडून लिहवून घ्यावा. धंदा बदलला तरी त्याची ओळख पुसली जाऊ नये.