हिमालयातून परतलेले काका

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांना मोठ्या माणसांची कधीच वाण पडली नाही. सातारा म्हटलं की कर्मवीर भाऊराव आणि रयत शिक्षण संस्था आठवते. सांगली म्हटलं की विष्णुदास भावे, देवल, खाडिलकर ही नाटकवाली मंडळी डोळ्यांपुढे येतात. या यादीत एक नाव मात्र सहसा घेतलं जात नाही. आचार्य काकासाहेब कालेलकर हे ते नाव. गुजरातनं त्यांना आपलं मानलं, गांधीजींनी त्यांना सवाई गुजराती ही पदवी दिली आणि आपण ती इतकी मनावर घेतली, की हा माणूस साताऱ्यात जन्मला होता हेच विसरून गेलो.

दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर यांचा जन्म १ डिसेंबर १८८५ चा. घराणं मूळचं सावंतवाडीकडच्या कालेलीचं. वडील सरकारी नोकरीत आणि दत्तू भावंडांमधलं शेंडेफळ. साताऱ्याजवळ माहुलीला कृष्णा आणि वेण्णा मिळतात. तिथं लहानपणी घरच्यांबरोबर केलेली वारी त्यांनी मोठेपणी लिहिली आहे. पुढे भारतभरच्या नद्यांवर त्यांनी एक अख्खं पुस्तक लिहिलं. त्याचा उगम मला माहुलीच्या त्या घाटावरच दिसतो. डोंगर आणि नदी हे या माणसाचे जन्माचे सोबती. वडिलांच्या बदल्यांमुळे कारवार, बेळगाव आणि कितीतरी संस्थानं त्यांनी बालपणीच पाहिली. शाळा धरसोडीची झाली, पण प्रवासाची गोडी लागली ती कायमची.

सांगलीची गोष्ट मात्र प्रवासाची नाही, संस्काराची आहे. वडील पुढे सांगली संस्थानच्या खजिन्यावर अधिकारी झाले. एकदा संस्थानासाठी लाखोंच्या प्रॉमिसरी नोटा विकत घ्यायला ते पुण्याला निघाले. दत्तू तेव्हा कॉलेजात होता. बाजारात या नोटांचा भाव वरखाली होतो, हे त्याला ठाऊक होतं. भाव थोडा उतरलेला असताना खरेदी करावी, संस्थानाला ठरलेला भाव लावावा आणि मधला फायदा आपण ठेवावा, असं त्यानं वडिलांना सहज सुचवलं. वडिलांना राग आला, पण त्याहून अधिक दुःख झालं. ज्याचं अन्न खातो त्याच्याशी असा व्यवहार करायचं मुलाच्या मनात यावं, हे त्यांना सोसवेना. त्या एका प्रसंगानं मुलगा आयुष्यभरासाठी शहाणा झाला. मिळालेलं सगळंच आपलं नसतं, हा धडा त्याला सांगलीच्या नोकरीतल्या बापानं शिकवला. पुढची हकीकत वाचताना हा धडा लक्षात ठेवावा.

फर्ग्युसन कॉलेजातून १९०७ साली पदवी घेतली, ती तत्त्वज्ञानाची. काळ बंगालच्या फाळणीनंतरचा, टिळकांचा. कालेलकर राष्ट्रीय शिक्षणात उतरले. बेळगावला शिक्षक झाले, काही काळ मुंबईच्या राष्ट्रमत दैनिकात काम केलं आणि १९१० मध्ये बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात गेले. शाळा घरासारखी वाटावी म्हणून तिथं शिक्षकांना नात्यानं हाक मारण्याची पद्धत होती. कुणी मामा, कुणी अण्णा, तसे कालेलकर काका झाले. सरकारी दडपणाखाली ते विद्यालय बंद पडलं. नाव तेवढं राहिलं.

विद्यालय गेलं, राजकारणात अंधार होता, टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. अशा वेळी, १९१२ साली, सव्विसाव्या वर्षी काकांनी हिमालयाची वाट धरली. सोबतीला अनंतबुवा मर्ढेकर होते. सातारा तालुक्यातलं कृष्णाकाठचं मर्ढे गाव ज्या आडनावात आहे ते हे आडनाव. पुढे अल्मोड्याला स्वामी आनंद येऊन मिळाले. ते जन्मानं गुजराती, पण मराठी उत्तम जाणणारे. हे त्रिकूट यमुनोत्री, गंगोत्री, केदारनाथ आणि बदरीनाथ असं पायी फिरलं.

आजच्या वाचकाला त्या चालण्याची कल्पना यावी म्हणून थोडं सांगतो. रेल्वे तेव्हा हरिद्वारला पोचली होती. खरी यात्रा ऋषीकेशपासून पायानं सुरू व्हायची. वाटेत काही मैलांवर चट्ट्या असत. चट्टी म्हणजे गवतानं शाकारलेलं दुकान. दुकानदाराकडून पीठ, डाळ, तूप असा शिधा घ्यायचा. मग स्वयंपाकाला भांडी आणि रात्री अंग टाकायला जागा फुकट मिळायची. वाटाड्या म्हणजे पंडा. आपल्या वहीत सात पिढ्यांची नावं दाखवून तो यजमानाचा ताबा घेई. म्हाताऱ्यांना पाठीवरच्या टोपलीतून, म्हणजे कंडीतून नेत. चार जणांनी खांद्यावरून वाहायची ती दांडी. यमुनोत्रीला गरम पाण्याच्या कुंडात तांदळाची पुरचुंडी सोडून भात शिजवायचा. गंगोत्रीहून केदारला जाणारी जुनी वाट बुढाकेदारवरून पंवालीचा उंच माथा चढून त्रियुगीनारायणला उतरायची. त्या चढणीनं भल्याभल्यांची परीक्षा घेतली.

केदारनाथ समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५८० मीटर उंच, म्हणजे आपल्या महाबळेश्वरच्या जवळजवळ अडीचपट. तिथली विरळ हवा अंगाला सोसायला वेळ लागतो. जुना यात्रेकरू चट्टी ते चट्टी, आठवड्यांमागून आठवडे चालत वर जाई, त्यामुळे शरीर आपोआप तयार होत असे. आज हेलिकॉप्टर काही मिनिटांत तिथं उतरवतं, आणि धाप लागली की माणसं घाबरतात. सावकाश चढा, हा आजचा डॉक्टरी सल्ला म्हणजे त्या वाटेवरचं जुनंच शहाणपण आहे.

काका हिमालयात गेले ते देखावे पाहायला नव्हे. साधना करावी, मोक्षाचा मार्ग शोधावा, ही ओढ होती. बर्फाच्छादित शिखरांनी त्यांना वेड लावलं, हे त्यांच्या पुस्तकाच्या पानापानांवर दिसतं. तिथंच राहिले असते तर कुणी नवल केलं नसतं. अशी किती माणसं त्या दऱ्यांत नाहीशी झाली आहेत. पण मोक्षाच्या ओढीशी स्वराज्याची ओढ भांडत राहिली आणि शेवटी स्वराज्य जिंकलं. काका खाली उतरले. मला वाटतं, सांगलीच्या खजिन्याचा तो धडा इथंही कामाला आला असावा. उंचावर मिळालेली शांती ही काही स्वतःच्या खिशात घालायची मिळकत नव्हती.

इथं एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. काका डोंगरांत फिरत होते तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई मागे होत्या आणि मुलं लहान होती. नवरा परत येईल की भगवी वस्त्रं घालील, याची खात्री नसताना काढलेले ते दिवस कुठल्या प्रवासवर्णनात आलेले नाहीत. घरातल्या बाईनं चढलेली ही चढण पंवालीहून सोपी होती, असं मी तरी म्हणणार नाही. पुढे त्या मुलांसह गांधीजींच्या आश्रमात राहायला आल्या. काकांच्या थोरवीत त्यांचा वाटा धरायलाच हवा.

उतरून आल्यावर काका शांतिनिकेतनात शिकवू लागले. तिथंच १९१५ साली गांधीजी भेटले आणि आयुष्याला दिशा मिळाली. साबरमतीचा आश्रम, गुजरात विद्यापीठ, तुरुंगवास, हिंदीचा प्रचार, बारा वर्षं राज्यसभा, १९५३ चा मागासवर्ग आयोग, १९६४ चं पद्मविभूषण ही पुढली वाट सर्वांना माहीत आहे. हिमालयाच्या प्रवासाचं पुस्तक गुजरातीत निघालं ते १९२४ साली, म्हणजे चालून आल्यावर बारा वर्षांनी. डोंगरातल्या रात्रींनी लावलेलं ताऱ्यांचं वेडही त्यांनी एकट्यानं जपलं नाही. गांधीजींसारख्या कामात बुडालेल्या माणसालाही त्यांनी आकाश पाहायला लावलं. २१ ऑगस्ट १९८१ रोजी दिल्लीत ते गेले, तेव्हा वय पंचाण्णव होतं.

सातारा-सांगलीचे तरुण आता सुट्टीत गटागटानं हिमालयात जातात. बरोबर गाईड असतो, तंबू असतो, माथ्यावरचा फोटो घरी पोचायच्या आधी गावभर झालेला असतो. यात वाईट काहीच नाही. उलट आपल्या मुलांनी जरूर जावं. जाताना काकांचं ते पुस्तक मात्र पिशवीत टाकावं. माथ्यावर किती वेळ थांबलो हे चार दिवसांत विसरायला होतं. खाली येताना काय आणलं आणि ते कुणाला दिलं, याचा हिशेब मात्र पुढे बरीच वर्षं द्यावा लागतो. साताऱ्याच्या या लेकानं तो चोख दिला.